ताबेरु म्हणजे खाणं नव्हे

वहीत एकच ओळ होती : 'वाताशी वा तायको ओ ताताकु गा सुकी देसु.' तायको म्हणजे जपानी ढोल, ताताकु म्हणजे बडवणं, वाजवणं. 'मला ढोल वाजवायला आवडतं' हे तिला लिहायचं होतं. मी लाल पेनानं 'ताताकु' आणि 'गा' यांच्या मध्ये एक 'नो' घातला आणि वही परत दिली. तिनं ती जरा वेळ तशीच हातात धरली.

"ताई, ताताकु म्हणजे वाजवणं ना? मग ते नाम झालंच की. परत नो कशाला?"

चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवर चाळीतल्या आमच्या खोलीत शनिवार-रविवार जपानीची शिकवणी चालते. ही मुलगी गणपतीत ढोल-ताशा पथकात असते. चिंतामणीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या गणपतीच्या, आगमनाच्या दिवशी कमरेला ढोल बांधून ती तासन्‌तास उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात बोटांना पट्ट्या लावून येते. तिचा प्रश्न मला नवा नव्हता. दर तुकडीत निम्मी मुलं हीच चूक करतात. वर्षानुवर्षं मी 'जपानीत असंच असतं' एवढं सांगून पुढे जात होते. त्या दिवशी ते तोंडून निघेना, कारण मराठीच्या बाजूनं पाहिलं तर तिचं म्हणणं बिनचूक होतं.

आवडीनिवडी सांगताना क्रियापदाचं नाम कसं होतं, हा जपानी शिकणाऱ्यांचा जुना अडथळा आहे आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण ते बहुतेक इंग्रजीतून शिकणाऱ्यांना समोर ठेवून. मराठी माणूस नेमका कुठे अडतो आणि कुठे इतरांपेक्षा सहज पुढे जातो, हे त्यात सापडत नाही. माझ्या मते आपली अडचण शब्दकोशापासून सुरू होते.

मराठी कोश उघडून 'खा' शोधा, सापडतं 'खाणे'. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831ची, दुसरी मोठी आवृत्ती 1857ची. ती दुसरी छापली एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यानं, म्हणजे आमच्या शेजारच्या भायखळ्याच्या छापखान्यानं. तिच्यातही क्रियापदं 'णें' लावूनच येतात. हे 'णे' लागलेलं रूप म्हणजे धातुसाधित नाम. त्याला नपुंसकलिंग आहे, विभक्ती लागते, सामान्यरूप होतं : खाणे, खाण्याला, खाण्यात, खाण्यापेक्षा. मराठी क्रियापद कोशात शिरतं ते नाम होऊनच. दादोबा पांडुरंगांच्या 1836च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या 1911च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आणि पुढे शाळेच्या पुस्तकांपर्यंत हे रूप आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की ते नाम आहे याची आठवणही राहत नाही.

जपानी कोशात मात्र 'ताबेरु' सापडतं आणि ते पूर्ण वाक्य आहे. 'ताबेरु.' म्हणजे खातो, खाते, खातात, किंवा खाईन, खाईल. लिंग नाही, वचन नाही, पुरुष नाही, पण काळ आहे. ते वाक्याच्या शेवटी एकटं उभं राहू शकतं. 'खाणे' तसं उभं राहू शकत नाही. शिकवणीत मुलं वहीच्या डाव्या बाजूला ताबेरु आणि उजव्या बाजूला 'खाणे' लिहितात. इंग्रजी पुस्तकातल्या अर्थावरून तेच रूप आपसूक सुचतं. चूक त्या क्षणी पेरली जाते. महिन्यांनी ती वाक्यात उगवते, आणि तेव्हा आपण वाक्याला दोष देतो.

त्या मुलीच्या वाक्याला जपानीच्या जुन्या काळात कोणी नावं ठेवली नसती. जुन्या जपानीत क्रियापदाचं नामाआधी येणारं रूप काहीही न जोडता नाम म्हणून चालत असे. त्याच्या खुणा म्हणींत उरल्या आहेत. 'माकेरु गा काची' : हरण्यातच जीत. 'निगेरु गा काची' : पळून जाण्यातच जीत. दोन्हींत क्रियापदाच्या मागोमाग थेट 'गा' आहे, मध्ये 'नो' नाही. पुढे वाक्याच्या शेवटी येणारं रूप आणि नामाआधी येणारं रूप एकसारखंच झालं, आणि क्रियापद नाम म्हणून आलंय हे दाखवायला 'नो' रुळत गेला. हे मी आता पहिल्याच दिवशी सांगते. आपण चुकलो ते एका जुन्या वाटेनं चुकलो हे कळलं की मुलांच्या मनातली धास्ती जाते.

आता आपल्याला फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे येऊ. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला 'गा' छळतो, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता आणि आवडलेली वस्तू कर्म. जपानीत 'सुकी' हे क्रियापदच नाही, ते विशेषणाच्या जातीचं आहे : प्रिय, आवडतं. जे आवडतं त्याला 'गा' लागतो. मराठीत 'मला चहा आवडतो' म्हणताना 'आवडतो' हे चहाशी जुळतं, माझ्याशी नाही. मी बाजूला 'ला' लावून बसलेली. म्हणून आमच्या वर्गात 'ओचा गा सुकी देसु' हे पहिल्या दिवसापासून बरोबर येतं. जी मुलं मनात आधी इंग्रजी वाक्य करतात ती 'गा'ऐवजी 'ओ' लावतात. त्यांना मी एवढंच सांगते, घरी जसं बोलता तसा विचार करा.

हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेलं नाही. कॉलिन मासिका यांनी 1976च्या पुस्तकात दक्षिण आशियातल्या भाषांची समान वैशिष्ट्यं नकाशावर मांडली. 'मला भूक लागली', 'मला आवडतं' अशी 'ला'वाली रचना त्यांत आहे, आणि त्यांतल्या काही वैशिष्ट्यांचा माग त्यांनी थेट जपानपर्यंत नेला. जपानी भाषाशास्त्रज्ञ मासायोशी शिबातानी आणि मराठी भाषक प्रशांत परदेशी यांनी याच 'ला'वाल्या रचनेवर एकत्र काम केलं आहे. परदेशी तोक्योतल्या राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेत प्राध्यापक झाले. जपानी आणि मराठी शेजारी ठेवून पाहणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मराठीच्या बाजूनं राजेश्वरी पंढरीपांडे यांचं 1997चं आणि रमेश धोंगडे व काशी वाली यांचं 2009चं, अशी दोन इंग्रजी व्याकरणं हाताशी हवीत. एवढं सगळं असून शिकवणीच्या पातळीवर यातलं फारसं काही उतरलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

क्रियापदाचं नाम करायला जपानीत मुख्य दोन साधनं आहेत, 'नो' आणि 'कोतो'. दोन्ही साध्या रूपाला लागतात. कोतो हा मुळात शब्दच आहे : गोष्ट, बाब. जपानीत वाक्य जसंच्या तसं नामाच्या आधी ठेवता येतं, त्यामुळे 'ताताकु कोतो' म्हणजे शब्दशः 'वाजवतो ती गोष्ट'. 'नो' त्याहून हलका, त्याला स्वतःचा अर्थ जवळजवळ नाही. हाच 'नो' आपल्या चा-ची-चेचं कामही करतो, 'वाताशी नो होन' म्हणजे माझं पुस्तक. ही दोन कामं वेगळी की एकच, यावर वाद आहे. शिबातानी त्यांच्या मुळाशी एकच नामीकरण पाहतात. मला त्यांचं पटतं, कारण 'माझं' हा शब्द मराठीतही एकटा उभा राहून नाम होतोच.

'सुकी'बरोबर दोन्ही चालतात, बोलण्यात 'नो' जास्त. पण सगळीकडे अशी मोकळीक नाही. भाषाशास्त्रज्ञ सुसुमु कुनो यांनी 1973मध्ये केलेला भेद अजून उपयोगी आहे : डोळ्यांसमोर, कानांसमोर घडणारं असेल तर 'नो', मनात धरलेली कल्पना असेल तर 'कोतो'. मुलं खेळताना पाहिली, हे 'नो'नंच सांगायचं : 'कोदोमो गा आसोन्दे इरु नो ओ मिता'. करता येणं, एकदा केलेलं असणं, करायचं ठरवणं यांना 'कोतो'च लागतो. आणि मुलाखतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न, 'शुमी वा नान देसु का', छंद काय? त्याचं उत्तरही 'कोतो'नं : 'तायको ओ ताताकु कोतो देसु'. इथे 'नो देसु' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की तुम्ही कशाचं तरी कारण समजावून सांगताय, 'त्याचं असं आहे की...' या सुरात.

काही शिक्षक सोपं करून सांगतात की वाजवणं म्हणजे कोतो आणि वाजवायला म्हणजे नो. हे समीकरण मी पाटीवर कधी लिहीत नाही. वरचं खेळणाऱ्या मुलांचं वाक्यच घ्या, तिथे 'नो'च्या जागी मराठीत 'खेळताना' आलं आहे, ना णं ना आयला. त्याहून मोठं कारण असं की मराठीनं आवड सांगण्याचे मार्ग वेगळ्याच तत्त्वावर वाटून दिले आहेत.

त्याच मुलीच्या घरचं उदाहरण देते. ती म्हणते, 'मला ढोल वाजवायला आवडतो.' आई कौतुकानं म्हणते, 'तिचं ढोल वाजवणं बघत राहावंसं वाटतं, मला फार आवडतं.' आजी म्हणते, 'हिनं रात्री उशिरापर्यंत ढोल वाजवलेला मला आवडत नाही.' ढोल एक, वाजवणारी एक, क्रियापद एक, आणि तिघींच्या तोंडी तीन रूपं.

पहिलं 'वाजवायला'. जुनं 'वाजवावयास', 'वाजवावयाला' झिजून हे झालं. म्हणजे यातही एक नाम दडलेलं आहे आणि त्याला चतुर्थी लागली आहे. हे रूप फक्त स्वतःच्या करण्यापुरतं. 'मला तू वाजवायला आवडतं' असं मराठीत होतच नाही. आणखी एक गंमत अशी की इथे आवड वस्तूला जाऊन चिकटते. 'ढोल वाजवायला आवडतो', 'गाणी ऐकायला आवडतात', 'पुरणपोळी खायला आवडते'. क्रियापद जुळतं ते ढोलाशी, गाण्यांशी, पोळीशी. 'आवडतं' म्हणणारेही आहेत आणि तेही चूक नाही. पण 'गाणी ऐकायला आवडतात' हे लालबाग-परळात कोणाच्याही तोंडून ऐकायला मिळेल.

दुसरं 'वाजवणं'. इथे क्रिया स्वतःच वस्तू झाली. तिला मालक हवा, म्हणून 'तिचं'. यात वाजवण्याची ढब येते, हात कसा पडतो ते येतं. 'त्याचं बोलणं मला आवडतं' म्हणताना तो काय बोलला यापेक्षा कसा बोलतो हे मनात असतं.

तिसरं 'वाजवलेला'. हे दुसऱ्यानं केलेल्या गोष्टीबद्दल, आणि बहुधा नापसंतीचं. 'मुलांनी उलट बोललेलं त्यांना आवडत नाही', 'कोणी वाट बघायला लावलेलं मला चालत नाही'. इथे करणारी 'तिचं' होत नाही, 'हिनं' राहते, म्हणजे आत एक अख्खं वाक्य जिवंत असतं. जपानी 'नो'च्या सगळ्यांत जवळचं मराठी रूप कोणतं असं विचाराल तर मी या 'लेलं'कडे बोट दाखवीन. तिथेही आतल्या वाक्यातला कर्ता कर्ताच राहतो : 'मागो गा योरु ओसोकु मादे तायको ओ ताताकु नो गा किराइ देसु', नातीनं रात्री उशिरापर्यंत ढोल वाजवलेला आवडत नाही. फरक एवढा की जपानी माणूस तिघींची वाक्यं एकाच 'नो'नं सांगेल. करणं कोणाचं, हे रूपावरून कळणार नाही, वेगळं नाव घालावं लागेल किंवा संदर्भावर सोडावं लागेल. उलट जपानी रूपात काळ शाबूत राहतो : ताताकु नो, ताताइता नो. वाजवतो ते, वाजवलं ते. आपल्या 'णं'ला काळ नाही.

मग स्वतःची आवड सांगताना आपण 'णं' टाळून 'आयला'कडेच का वळतो? याचं एक उत्तर मला 'खेळणं' या शब्दात सापडतं. 'बाळाला खेळणं आवडतं.' काय आवडतं, खेळायला की हातातला खुळखुळा? 'मला गाणं आवडतं' : गायला की ऐकायला, की एखादं ठरावीक गाणं? खाणं, देणं, दुखणं, लेणं, अशी कितीतरी 'णं'वाली रूपं क्रियेपासून सुटून वस्तू होऊन बसली आहेत. 'आयला' लावलं की संशय फिटतो. जपानीनं हा घोळ वेगळ्या तऱ्हेनं मिटवला. हाताला लागणाऱ्या वस्तूला 'मोनो', मनात धरायच्या बाबीला 'कोतो'. ताबेमोनो म्हणजे खायचा पदार्थ, नोमिमोनो म्हणजे पेय, आणि किमोनो म्हणजे अंगात घालायची वस्तू. ताबेरु कोतो म्हणजे खाणं, ही क्रिया.

जपानी क्रियापदाचं अंग थेट नाम होतं तेही सांगायला हवं. ओयोगु, पोहतो, यातून ओयोगी. ओदोरु, नाचतो, यातून ओदोरी. त्सुरी म्हणजे गळ टाकून मासे धरणं. आपलेही नाच, खेळ, मार असेच झाले, आणि णूक लावून वागणूक, करमणूक. आमच्या भागाचा लाडका शब्द मिरवणूक, तोही 'मिरवणे'मधूनच निघालेला. पण हे शब्द कोशात बसलेले असतात, हवे तेव्हा घडवता येत नाहीत. नो, कोतो, णं, आयला यांना कोणतंही क्रियापद चालतं.

अर्ज भरायची वेळ आली की दोन्ही भाषा पोशाख बदलतात. घरी 'वाचायला आवडतं' म्हणणारा मुलगा छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहितो, पोहणारा 'जलतरण'. संस्कृत घेतलं की भारदस्त वाटतं. जपानी मुलगा त्याच रकान्यात 'होन ओ योमु कोतो' न लिहिता 'दोकुशो' लिहितो, ओयोगु न लिहिता 'सुइएइ', आणि हे शब्द चिनी वळणाचे. आपल्याकडे वाचणं स्वतःचं कर्म सांभाळतं, 'पुस्तक वाचणं', पण वाचन आलं की 'पुस्तकाचं वाचन'. 'दोकुशो'त तर पुस्तक आधीच पोटात आहे, 'शो' म्हणजेच पुस्तक.

दोन गोष्टींतली एक निवडायची असेल तर 'पेक्षा', जपानीत 'योरी'. इथे मराठीचं वाक्य मध्येच रूप बदलतं. 'फास्टनं भायखळ्याला उतरून मागे चालत येण्यापेक्षा मला स्लो लोकलनं चिंचपोकळीला उतरायला आवडतं.' पहिल्या अर्ध्यात 'येण्या', कारण पेक्षा 'आयला'ला लागत नाही. दुसऱ्या अर्ध्यात 'उतरायला'. जपानीत इथे 'नो'ची गरजच नाही, क्रियापद थेट उभं राहतं : 'बासु दे इकु योरी आरुकु होओ गा सुकी देसु', बसनं जाण्यापेक्षा चालत जायला आवडतं. नो लावायची सवय कष्टानं लावून घेतलेली मुलं नेमकी इथे तो जास्तीचा घालतात.

या सगळ्याचा क्रम पुस्तकांत कसा आहे हे पाहिलं की गोंधळ आणखी समजतो. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं 'मिन्ना नो निहोंगो' नवव्या धड्यात 'गा सुकी' शिकवतं, छंदाचं 'कोतो देसु' अठराव्या धड्यात आणि आवडीचा 'नो' थेट अडतिसाव्या धड्यात, म्हणजे दुसऱ्या भागात. मधल्या कित्येक महिन्यांत मुलाला चहा आवडतो हे सांगता येतं, चहा प्यायला आवडतो हे येत नाही. 'गेंकी'नं पहिल्याच भागाच्या आठव्या धड्यात 'नो गा सुकी' आणलं आहे आणि मला तेच योग्य वाटतं. आवड सांगणं हे नव्या भाषेत माणूस सगळ्यांत आधी करू पाहतो. त्याला तेवढं थांबवून ठेवू नये.

थांबण्याची किंमतही आता वाढली आहे. मुंबई आणि जपानचा संबंध तसा जुना. 1893मध्ये जमशेदजी टाटांच्या खटपटीनं निप्पोन यूसेन कैशा या कंपनीच्या बोटी मुंबई ते कोबे धावू लागल्या, त्या मुख्यतः कापसासाठी. आमच्या आजोबांची पिढी इथे गिरण्यांत त्याच कापसावर जगली. आज इथून माणसं जातात. जपाननं 2019मध्ये कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा आणला, भारताशी त्याचा करार जानेवारी 2021मध्ये झाला, आणि त्यासाठी जपानी भाषेची एन-4 किंवा त्या तोडीची परीक्षा लागते. ढोल वाजवणारी मुलगी वृद्धांच्या शुश्रूषेचं काम शिकते आहे. उद्या तिला एखाद्या आजोबांना विचारावं लागेल, तुम्हाला काय करायला आवडतं? तिथं नुसतं नाम पुरणार नाही. बागेत बसायला आवडतं की खिडकीतून बाग बघायला, हे तिला कळायला हवं आणि विचारताही यायला हवं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या शनिवारी दिलं. म्हटलं, "वाजवणं हे नामच आहे, तुझं बरोबर. पण ताताकु म्हणजे वाजवणं नाही. ताताकु म्हणजे वाजवतो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वही पहिल्या पानापासून उघडली. डावीकडे ताबेरु, नोमु, योमु, काकु, ओयोगु. उजवीकडे खाणे, पिणे, वाचणे, लिहिणे, पोहणे. पट्टी लावलेल्या बोटांत पेन्सिल धरून तिनं एकेक 'णे' खोडला आणि त्यावर लिहीत गेली : खातो, पितो, वाचतो. 'लिहितो'पाशी थांबून तिनं विचारलं, "ताई, मी मुलगी आहे, लिहिते लिहू?" मी म्हटलं, लिही. जपानीला दोन्ही चालतं.